गालातला तुतारीवाला

नागपुरात इस्पितळातल्या माझ्या खात्याला फिजिओथेरपी कुणी म्हणत नसे. मी ‘शेकवाल्या बाई’ होते, ‘करंटवाल्या बाई’ होते, आणि कुणाला फारच मान द्यायचा असला तर ‘मालिशवाल्या डॉक्टरीणबाई’. मी डॉक्टर नव्हते आणि मालिशवाली तर मुळीच नव्हते. सुरुवातीला प्रत्येकाला थांबवून समजावून सांगत असे. पुढे सोडून दिलं. समोरचा खांदा धरून कण्हत असताना त्याला आपल्या पदवीचा अर्थ सांगत बसण्यात काय हशील?

तुम्हाला मात्र सांगते, कारण तुमचा खांदा दुखत नसावा. दुखत असला तर अंक बाजूला ठेवा आणि भिंतीवर बोटं चढवायला घ्या. हाड सांधलं, प्लास्टर निघालं, ऑपरेशन झालं, लकव्याचा झटका ओसरला, की डॉक्टरांचं काम संपतं. माणूस जिवंत असतो, पण त्याचा हात वर होत नसतो. तिथून पुढचा माणूस आमचा. शहराबाहेरच्या वाडी गावातल्या गोदामांतले हमाल कंबर धरून येत. तिथलेच ट्रक ड्रायव्हर मशीनकडे बघून ‘मॅडम, करंट थोडा जादा मारा ना’ म्हणत, जणू मी पेट्रोल भरते आहे. मी त्यांना गप्प बसवून हात धरायची आणि हळूहळू वर न्यायची. हे सगळं काम हाताचं. दिवसभर परक्या माणसांचे खांदे, गुडघे, माना, चेहरे.

आणि घरी कुणी नाही. मुंबईला शिकून मी आईसाठी नागपूरला परत आले आणि साताठ वर्षांत आईच गेली. लग्नाचं वय तोवर माझ्यावरून निघून गेलं होतं; खरं सांगायचं तर ते जाताना मी फारसं थांबवलंही नाही. प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. माझ्या दोन खोल्या. संध्याकाळी कुलूप काढलं की सकाळी मी ठेवलेली कपबशी मी ठेवलेल्या जागीच असे. सगळ्यात जास्त राग मला त्या कपबशीचा यायचा.

आता लॅटिनकडे वळते. आम्हाला शरीररचना शिकवणारे सर म्हणजे एक वल्ली होती. टेबलावर प्रेत, भोवती आम्ही नाकाला रुमाल लावून उभ्या, आणि सरांचं चालू असे, ‘नाव पाठ करू नका. नावाला विचारा, बाबा तू कोण, कुठला?’ स्नायूला इंग्रजीत जो ‘मसल’ शब्द आहे, तो म्हणे लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी पळतं, ते रोमन लोकांना उंदरासारखं दिसलं. आपण लहानपणी दंड फुगवून बेटकुळी दाखवत होतो, म्हणजे बेडूक. सर म्हणत, ‘त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. पण दोन्हीकडे नाव ठेवणारं पोर एकच.’

मांडीतला एक लांब स्नायू शिंप्याच्या नावाचा, कारण शिंपी मांडी घालून शिवायला बसतो. आणि गालातला बक्सिनेटर. लॅटिनमध्ये बुक्किना म्हणजे वाकडं रणशिंग, आणि ते फुंकणारा तो बुक्किनातोर. तुतारीवाला. दातांच्या बाहेरून, गालाच्या आतल्या अंगाला पसरलेला हा चपटा स्नायू. तोंडात भरलेली हवा ओठांकडे ढकलायची, ही त्याची कामगिरी. सर आपले गाल फुगवून दाखवत आणि मग म्हणत, ‘पण लढाई काही रोज नसते. रोज हा बिचारा जेवणाच्या कामावर असतो. घास गालात पडू न देता दातांखाली सारत राहतो. हा रजेवर गेला की कळतं.’

तो रजेवर गेलेला मी पहिल्यांदा पाहिला, तो इतवारीतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याचा. चेहऱ्याची नस सुजली की अर्धा चेहरा एकाएकी ढिला पडतो. डोळा मिटत नाही, चूळ भरली की पाणी ओघळतं, आणि घास गालात साठून राहतो. बहुतेकांचं आपोआप बरं होतं. त्याचं श्रेय आम्ही बिनदिक्कत घेतो. या व्यापाऱ्याचं घर माणसांनी भरलेलं, पण त्याने जेवणाचं ताट आतल्या खोलीत न्यायला सुरुवात केली होती. दार लावून जेवायचा. मी त्याला शिकवलं, की गालावर बाहेरून तळहात ठेवा, हलका दाब द्या आणि जेवा. तो म्हणाला, ‘सबके सामने?’ आणि मला वाटलं, हा माणूस घरात सगळे असून माझ्यासारखाच जेवतो आहे. तो बरा झाला. पुढे सीताबर्डीवर एकदा समोरून आला आणि त्याने मान फिरवली. त्याचा मला राग नाही. वाकडं तोंड पाहिलेल्या माणसाची ओळख कोण ठेवील?

गोमाजी आला तो सत्तर सालच्या मागेपुढे, थंडीत. रामटेकच्या बाजूचं धानाचं गाव, एस.टी.तून आलेला, वय पंचेचाळीसच्या घरात. डोक्याला मफलर आणि छातीशी कापडी पिशवी. तोंड डावीकडे ओढलेलं, म्हणजे उजवी बाजू गेलेली.

‘काय होतंय?’

‘लकवा मारला, बाई. फुकता नाही येत.’

‘डोळा मिटतो का?’

‘डोयाचं जाऊ द्या. फुकता नाही येत मले.’

त्याने पिशवीतून सनई काढली. गावात रामाचं देऊळ होतं आणि देवळाच्या दरवाजावर नगारखाना. तिथे रोज पहाटे आणि संध्याकाळी सनई वाजवायची, हे त्याच्या घराकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. सगळ्यात मोठा दिवस रामनवमीचा. दुपारी बारा वाजता जन्म झाला, की गावातल्या बायका एकामागून एक येऊन पाळण्याची दोरी ओढतात. शेवटची बाई दोरी सोडेपर्यंत वरून सनईचा सूर तुटता कामा नये, अशी त्या गावची रीत. मध्ये सूर तुटला तर वर्ष वाईट जातं, असं मानत.

‘आता पंचाईनं भोंगा आनून ठेवला,’ तो म्हणाला. ‘रेकार्ड पन आनली सनईची. मले म्हने, रामनवमीले वाजोलं तर वाजोलं, नाही तं भोंगा लावू. एकदा भोंगा वर चढला का मंग उतरत नसते, बाई.’

मी विचारलं, ‘इतका वेळ सूर तोडायचा नाही, मग श्वास कधी घेता?’

वाजवणारे सगळे करतात तेच त्याने मला सांगितलं. तोंडात हवा भरून ठेवायची. नाकाने श्वास ओढत असताना ती गालातली हवा पिळून सनईत सोडायची. तेवढ्यात छाती भरते, पुन्हा छातीतून फुंकायचं. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. म्हणजे ज्या घटकेला माणूस श्वास घेतो, त्या घटकेला सगळा सूर एकट्या गालावर उभा असतो. गोमाजीचा उजवा गाल त्याच घटकेला फुग्यासारखा बाहेर येत होता आणि सूर खाली बसत होता.

मला एकदम सर आठवले. मी त्याला सांगितलं, ‘तुमच्या गालातल्या या स्नायूचं परदेशातल्या जुन्या भाषेत नावच तुतारीवाला आहे.’

त्याने जरा विचार केला. ‘मंग तो बी माह्यावानीच बिमार पडला म्हना.’

त्या दिवसापासून त्याचा रोजचा प्रश्न ठरला, ‘पाहा बरं बाई, आपला तुतारीवाला उठला काय?’ मिठाच्या पाण्यात भिजवलेली पट्टी त्याच्या मानेमागे ठेवायची, पेनासारखं टोक गालावर टेकवायचं आणि करंटचा हलका झटका द्यायचा. मग स्नायू जागेवर उडतो. तो उडाला की गोमाजी आरशात बघून ‘उठला, उठला’ म्हणे. मी म्हणे, ‘उठला नाही, झोपेत लाथ मारली.’ मग आरशासमोर व्यायाम, मेणबत्ती विझवायची, प-फ-ब म्हणायचं. पलीकडे पाठदुखीचे हमाल पालथे पडून हसत असत.

डोळा मिटायला लागला. ओठ जमले, सनईची पत्ती ओठांत धरता येऊ लागली. गाल मात्र ढिम्म. होळी आली तरी ढिम्म. मला आतून कळत होतं, की हा आता पूर्ण येणार नाही. त्यात गोमाजी घरी चोरून जोर लावून फुंकत होता आणि लुळा स्नायू आणखी ताणत होता. मी त्याच्यावर ओरडले. त्या व्यापाऱ्याला सांगितलं तेच सांगितलं, ‘गालावर हात ठेवल्याशिवाय फुंकायचं नाही.’

‘कोनता हात ठेवू?’ त्याने सनई समोर धरली. दोन्ही हातांची बोटं भोकांवर होती.

जेवताना माणसाचा एक हात मोकळा असतो, सनई वाजवताना नसतो. हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं, पण नव्हतं आलं. मी खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसले, त्याच्या गालावर तळहात ठेवला आणि म्हटलं, ‘वाजवा.’

सूर निघाला आणि माझ्या तळहातात आला. हे मला नीट सांगता येणार नाही. कानाला सनई ऐकू येते तशी नाही. हाताच्या हाडांतून, कोपरापर्यंत ती बारीक थरथर चढत गेली. नाकाने श्वास ओढायची वेळ आली, की गाल माझ्या हाताखाली भरायचा आणि मी हळू दाबायची. दाब जास्त झाला तर सूर किंचाळे, कमी झाला तर बसे. चारपाच वेळा चुकलं. मग एकदा बरोबर जमलं आणि सूर श्वासावरून पलीकडे निघून गेला, तुटला नाही. गुडघ्याचे व्यायाम करणाऱ्या दोन म्हाताऱ्या पाय वरच्या वर धरून ऐकत होत्या.

नंतर कितीतरी दिवस मी त्याचा गाल होते. मी हे हसण्यावारी नेत नाही. सकाळी त्याच्या बसची वेळ झाली की माझं लक्ष दाराकडे जाई. यात भलतंसलतं काही नव्हतं. तो पत्नीबद्दल, धानाबद्दल, देवळाबद्दल बोले आणि मी ऐके. पण हजारो माणसांना मी हात लावला होता तो त्यांचं अंग हलवण्यासाठी. माझ्या हाताशिवाय ज्याचं पुढे जात नाही असं काही माझ्या आयुष्यात तेवढंच होतं. रात्रीचं जेवण झाल्यावरसुद्धा हाताला ती थरथर आठवे आणि कपबशीचा राग येईनासा झाला.

मग एक दिवस तो म्हणाला, ‘रामनवमीले तुम्हीच या ना, बाई. वर बसा माह्या बाजूनं.’

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण रामनवमी एक दिवसाची. दुसऱ्या दिवशीची पहाट कुणाची? त्याच्या पुढच्या सगळ्या पहाटा कुणाच्या? जोडीचा सूर धरणारा, नगारा वाजवणारा, वरच्या सगळ्यांचे हात गुंतलेले. मी म्हटलं, ‘उद्या येताना घरच्यांना घेऊन या.’

त्याची पत्नी अनसूया आली. ठेंगणी, काळीसावळी, धानाच्या चिखलात भेगाळलेले हात. काय करायचं ते ऐकून ती पदर तोंडात धरून मागेच सरकली.

‘चारचौघांत नवऱ्याच्या तोंडाले हात लावू काय वं माय!’

‘इथे सगळे कुणाच्या ना कुणाच्या अंगाला हात लावूनच आहेत,’ मी म्हटलं. ‘बसा.’

पहिल्यांदा तिने असा जोर दिला, की सनई कोंबड्यासारखी ओरडली. गोमाजी चिडला, ‘काहून वं, कनिक मयून राहिली काय?’ तीही काही कमी नव्हती. ‘मंग तुमीच लावा आपला हात!’ मी तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि दाब कधी वाढवायचा, कधी सोडायचा ते तिच्या बोटांना कळू दिलं. आठवडाभरात माझा हात नुसता वर असायचा, काम तिचाच करायचा. आणि मग एका सकाळी मी माझा हात काढून घेतला. सूर चालू राहिला. मला आनंद झाला का? झाला. आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी झालं आणि मी उठून मशीनची वायर गुंडाळत बसले.

रामनवमीला मी रजा टाकून गेले. देवळाच्या दरवाजाशी आधीच गलका. नगारखान्यात बाई कधी चढली नव्हती. अनसूया खालच्या पायरीवर उभी, लाल लुगडं, खाली मान, आणि पंचांतले एक म्हातारे तिच्या वाटेत आडवे आलेले.

‘गोमा, बाई काहून चढवून राहिला गा वर? रीत आहे का हे?’

गोमाजीने सनई कपाळाला लावली. ‘नानाजी, बाई नाही चढून राहिली. माहा गाल चढून राहिला. गाल खाली ठेवून मी कसा वाजवू, तुमीच सांगा.’

लोक हसले. म्हाताऱ्यालाही हसू आवरेना. तेवढ्यात आतून घंटा झाली, बाराची वेळ भरत आली होती, आणि वाद घालायला कुणाला सवड राहिली नाही. ती दोघं वर गेली.

खालून काही दिसत नव्हतं. गुलाल उधळला, पाळणा हलला आणि वरून सूर आला. दोरीसाठी बायकांची रांग देवळाच्या बाहेरपर्यंत होती. प्रत्येक बाईला दोरी हवी, प्रत्येकीचं लेकरू कडेवर, कुणाला घाई नाही. मी डोळे मिटले. सूर किंचित जाड व्हायचा, तिथे तो श्वास घेत होता हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. एक श्वास गेला, दुसरा गेला. मध्येच एकदा सूर हलला, आता बसतो असं वाटलं. मग तो सावरला. शेजारच्या बाईने माझ्या कोपराला हात लावला.

‘काय झालं वं बाई? हात काहून धरून राहिली असा?’

माझा उजवा हात हवेत होता, कुणाच्या तरी गालाच्या उंचीवर. मी तो पदराखाली घेतला.

शेवटच्या म्हातारीने दोरी सोडली तेव्हाही सूर चालू होता. भोंगा खोक्यातच राहिला. अनसूया खाली उतरली तेव्हा ती आपला हात खांद्यापासून चोळत होती आणि बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. मला त्यांनी आग्रहाने पंगतीत बसवलं. समोरच्या ओळीत गोमाजी चारचौघांत बसून, गालाला हात लावून, मजेत जेवत होता. संध्याकाळच्या एस.टी.ने मी परत आले आणि कुलूप काढलं.

नंतर तो एकदोनदा आला, मग यायचा थांबला. आमच्या धंद्यात हीच मोठी शाबासकी. त्याचा गाल थोडा सुधारला, पण पुरता कधीच नाही. म्हणजे तो हात रोज पहाटे लागणारच होता. थंडीत मला पहाटे जाग आली की मी मनात म्हणत असे, आता अनसूया पायऱ्या चढत असेल.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना एक म्हातारी काठी टेकत आली. गुडघे. मी चिठ्ठी वाचायला चष्मा शोधत होते.

‘वयखलं नाही काय, बाई?’

आवाजावरून ओळखलं. ती एकटी उरली होती, हे मी कपाळ बघण्याच्या आधीच ओळखलं. गुडघ्यावर शेकाचा दिवा लावून दिला आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसले.

‘मांगच्या दिवायीच्या आंधी गेले,’ ती दिव्याकडे बघत म्हणाली. ‘आदल्या दिवसापावतर वाजोलं. त्या पायऱ्याईनंच गेले माहे गुडघे, पन एक दिवस खाडा नाही केला मी. आता भोंगा लावला पंचाईनं.’ तिने दिव्याखालचा पाय जरा सरळ केला. ‘पहाटे जाग येते तं येतेच. उठून बसते. अन् हात रिकामा राहते, बाई. काय करू या हाताचं, समजतच नाही मले.’

मला पुष्कळ बोलता आलं असतं. माझ्या तळहातातसुद्धा तो सूर इतकी वर्षं कुठेतरी राहिला होता, हे तरी सांगायला हवं होतं. पण रडू येईल म्हणून मी तिच्या गुडघ्याचाच व्यायाम समजावून सांगत राहिले.

निघताना तिने काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग आपला भेगाळलेला तळहात उचलून तिने माझ्या उजव्या गालावर ठेवला. आई गेल्यापासून तिथे कुणाचा हात लागला नव्हता.

‘फुगवा बरं,’ ती म्हणाली.

खोलीत पेशंट होते, दाराशी रांग होती आणि मी खात्याची प्रमुख होते. मी गाल फुगवला. तिने अगदी अलगद, बरोबर तेवढाच दाब दिला. हवा ओठांशी येऊन थांबली.

‘अजून येते मले,’ ती म्हणाली. ‘सोडू नका, बाई. धरून ठेवा.’

मी नाकाने श्वास घेत ती हवा गालात धरून ठेवली, आणि तिचा हात निघू नये म्हणून धरूनच राहिले.